मरणाला सुंदर म्हणावे काय?

संतसज्जनहो, कीर्तनकाराच्या हातून नारदाच्या गादीवर चूक झाली, तर ती त्याने कुठे कबूल करावी? जिथे झाली तिथे जाऊन, हे पहिले उत्तर. आणि ते मी केले आहे. परंतु तशीच चूक थोड्याफार फरकाने आपणांपैकी पुष्कळांच्या हातून होते. कुणाच्या घरी दुखवट्याला गेल्यावर तर हटकून होते. म्हणून ती या मासिकाच्या पानांवरही मांडावी असे मनाने घेतले.

गेल्या चैत्रात रामनवमीच्या सप्ताहात एका गावी पाचव्या रात्रीचे कीर्तन माझ्याकडे होते. दुपारी यजमानांची नात, शहरात पदार्थविज्ञान शिकणारी, माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने मोबाइलवर एक चित्र दाखवले. मध्ये दोन तेजाचे ठिपके, भोवती निळसर प्रभा, आणि तिच्याभोवती तांबूस सोनेरी फेसाळ कडे. म्हणाली, "महाराज, हा मरत असलेला तारा. अवकाशातल्या दुर्बिणीने काढलंय." मी पाहतच राहिलो. रात्रीचा माझा विषय देहाची नश्वरता हा होता. असा ताजा दृष्टांत हाताशी आल्यावर कीर्तनकार तो सोडतो काय? मंडपात पडदा लावला, चित्र मोठे करून दाखवले, आणि आवाज चढवून म्हणालो, "पाहा मंडळी, तारा मरतो आहे! मरण इतके सुंदर असताना आपण रडायचे कशाला?" लोकांनी टाळ्या पिटल्या, विठ्ठल विठ्ठल झाले. मलाही बरे वाटले. खोटे कशाला सांगू, फारच बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी काकडा आटोपल्यावर एक साठीच्या घरातली बाई माझ्यासमोर उभी राहिली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. पाया पडली नाही. म्हणाली, "महाराज, तुमचा तारा सुंदर मेला आसंल. माझ्या लेकाचं मरण सुंदर नव्हतं." आणि मी काही बोलण्याच्या आत निघून गेली.

यजमानांनी मग सांगितले. तिचा एकुलता मुलगा टेम्पो चालवीत असे. सन २०२१ च्या उन्हाळ्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, शहरातल्या एका दवाखान्यात तो गेला. वय चौतीस. घरच्या कुणाला जवळ जाऊ दिले नाही, आणि शेवटचे तोंडही पाहता आले नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. मरणाला सुंदर म्हणावे काय? त्या चित्रात जे सुंदर दिसते ते खरोखर मरणच आहे, की दुसरे काही? आणि आहे ते सुंदर असले तरी शोकग्रस्ताच्या पुढे ते धरण्याचा अधिकार मला कोणी दिला?

उत्तर देण्यापूर्वी चित्र काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. ते मी कीर्तनाआधी करायला हवे होते, नंतर केले. त्या मुलीनेच मला शिकवले. चूक माझी, विद्या तिची.

तारा म्हणजे मुख्यतः हायड्रोजन वायूचा प्रचंड गोळा. स्वतःच्या वजनाने तो आत दबत असतो आणि पोटातला अग्नी त्याला बाहेर रेटत असतो. या दोन जोरांची बरोबरी टिकते तोवर तारा स्थिर. आपला सूर्यनारायण आज सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते, आणि त्यातून निघणारी ऊर्जा म्हणजेच आपले ऊन. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी ते सरपण संपेल. मग गाभा आकसेल, अधिक तापेल, आणि बाहेरचे थर चुलीवरच्या दुधासारखे वर येतील. तारा तांबडा व अवाढव्य होईल. गाभ्यात हेलियमपासून कार्बन शिजू लागेल. शेवटी बाहेरचे थर सुटून अवकाशात निघून जातील. उघडा पडलेला गाभा लाखभर अंशांपर्यंत तापलेला असतो. त्याचे किरण निघून चाललेल्या त्या वायूवर पडतात आणि वायू उजळतो. तोच हा तेजोमेघ. गाभ्यातला अग्नी मात्र विझलेला असतो. आकाराने पृथ्वीएवढा, पण वजनाने सूर्याच्या निम्म्याहून जास्त, असा तो गोळा नंतर निवत निवत जातो. त्याला श्वेत बटू म्हणतात. वामनाची आठवण देणारे हे नाव मराठीत कोणी योजले असेल त्याला नमस्कार असो. सूर्याच्या आठपटींहून जड असलेल्या ताऱ्यांचा शेवट निराळा, स्फोटाने होतो. त्यांची गोष्ट इथे नाही.

मी दाखवलेले चित्र दक्षिण आकाशातील कंकणाकार तेजोमेघाचे. जेम्स वेब नावाची दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरांवर ती उभी आहे. तिचा आरसा सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा षटकोनी तुकड्यांचा, साडेसहा मीटर रुंद आहे. १२ जुलै २०२२ रोजी तिची जी पहिली चित्रे जगापुढे आली, त्यांत हे होते. तो तेजोमेघ आपल्यापासून दोन ते अडीच हजार प्रकाशवर्षे दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. म्हणजे त्या चित्रातला प्रकाश तिथून निघाला तेव्हा पैठणास सातवाहनांचे राज्य असेल, किंवा तेही अजून उभे राहायचे असेल. चैत्री एकादशीच्या सुमारास रात्री नऊच्या वेळी तो आपल्या दक्षिण आकाशात असतो. नुसत्या डोळ्यांना मात्र दिसत नाही.

आता यातली पहिली गोम. मी मुलीला विचारले, "एवढे सोने नि नीळ तिथे खरेच आहे का गं?" ती हसली. म्हणाली, "महाराज, रंग आपण दिलेत." वेब दुर्बीण तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपते. एकेका प्रकारच्या प्रकाशासाठी एकेक गाळणी लावून निराळे चित्र घेतात. ती सारी चित्रे काळी-पांढरीच असतात. मग जाणती माणसे बसून ठरवतात की या गाळणीला निळा रंग द्यायचा, त्या गाळणीला तांबडा. १९९० साली उडालेली, पृथ्वीपासून सुमारे पाचशे किलोमीटरांवरून फिरणारी हबल दुर्बीण, तिच्याही प्रसिद्ध चित्रांचे असेच.

ऐकून क्षणभर मन खट्टू झाले. म्हणजे मी लोकांना रंगवलेले चित्र दाखवून टाळ्या घेतल्या! पण विचार करता वाटले, ही फसवणूक नव्हे. जे डोळ्यांच्या आटोक्यात नाही त्याला डोळ्यांना पेलेल असे रूप देणे, हे तर आपल्या घरचेच काम. पंढरीत विटेवर उभा आहे तो कोण, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. रूप आपल्यासाठी आहे हे ठाऊक असते आणि तरी त्या पायांवर डोके ठेवताना ते खोटे वाटत नाही. रंग देण्यामागे नियम आहे, मनमानी नाही. इतके ठाऊक असले म्हणजे चित्र खरेच. पण त्याचबरोबर हेही ध्यानी धरावे की त्या सौंदर्यातला काही भाग पाहणाऱ्याने घातलेला आहे. ताऱ्याने काही नटून मरण पत्करले नव्हते.

दुसरी एक हकीकत मला फार आवडली, ती सांगतो. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स नावाच्या इंग्रज ज्योतिषाने उत्तरेकडच्या कालेय तारकासमूहातल्या अशाच एका तेजोमेघाकडे दुर्बीण लावली आणि त्याचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्याच्या प्रकाशाचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा होतो. इथे तसे न होता सुट्या उजळ रेघा दिसल्या. त्यावरून कळले की हा ताऱ्यांचा पुंजका नव्हे, विरळ वायू आहे. पण त्यातल्या ठळक हिरव्या रेघा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेनात. तेव्हा पंडितांनी तिथे एक नवे मूलद्रव्य कल्पिले आणि त्याला नेब्युलियम असे नावही देऊन टाकले. साठ वर्षांहून अधिक काळ हे चालले. शेवटी १९२७ साली अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी उलगडा केला. ते नवे द्रव्य नव्हतेच. तो ऑक्सिजन होता, आपण श्वासात घेतो तोच प्राणवायू! पृथ्वीवर त्याचे कण एकमेकांवर सतत आदळत असतात, म्हणून ती हिरवी रेघ उमटायला त्यांना उसंतच मिळत नाही. तिथे वायू इतका विरळ की कणाला दुसऱ्या कणाची गाठ पडायला फार वेळ लागतो. त्या एकांतात तो आपला प्रकाश देतो.

याचे मर्म असे की दूरचे ते सारे अद्भुत आणि परके, असे मानायची माणसाला खोड आहे. आणि आमच्या मंडळींना उलटी खोडही आहे, तीही बोलून टाकतो. असे काही नवे कळले की लगेच कोणी उठतो आणि म्हणतो, हे सारे आमच्या पोथ्यांत आधीच लिहिलेले आहे. मी अर्धे आयुष्य पोथ्यांत घालवले. हे त्यांत लिहिलेले नाही. ऋषींच्या माथी कार्बन आणि हेलियम मारल्याने ऋषी मोठे होत नाहीत, आणि आपण मात्र लहान होतो. त्यांनी जे सांगितले त्याचे मोल निराळे आहे. ते उसन्या दाखल्यांवर उभे नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

ताऱ्याचे मरण आपल्याला सुंदर का वाटते? पाठशाळेत साहित्यशास्त्र शिकताना एक पूर्वपक्ष नेहमी निघे. करुण हा रस कसा? शोक तर दुःखरूप, मग त्याचा आस्वाद कसा घेता येईल? त्यावर भट्टनायकांनी साधारणीकरणाचा विचार मांडला आणि अभिनवगुप्तांनी तो पुढे नेला. त्याचा मथितार्थ एवढाच की रंगभूमीवरचा शोक कुणा एकाचा उरत नाही. तो माझा नाही, शेजाऱ्याचा नाही, शत्रूचाही नाही. म्हणून तो चाखता येतो. पण स्वतःच्या दाराशी आलेला शोक हा रस नव्हे. त्याला विभाव-अनुभावांची परिभाषा लावू जाणारा मनुष्य पंडित असेल, माणूस नव्हे.

ताऱ्याचे मरण आपण दोन हजार प्रकाशवर्षांवरून पाहतो. तो कुणाचा लेक नाही, कुणाचा धनी नाही. त्याच्यामागे कुणाची चूल विझली नाही. म्हणून ते सुंदर. मी त्या रात्री काय केले? त्या दूरवरून मिळालेला रस घेतला आणि तो ज्याच्या दाराशी शोक आला होता त्याच्या ओंजळीत ओतला. आदिकवी वाल्मीकींची गोष्ट आपण सांगतो, पण तिचा क्रम विसरतो. क्रौंच पडला तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो पारध्याच्या धिक्काराचा. आपल्या शब्दांना छंद आला आहे, हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानी नंतर आले. आधी कळवळा, मग काव्य. मी काव्य आधी केले.

कोणी म्हणेल, "महाराज, ज्ञान्याने शोक करू नये हे तर गीतेचेच सांगणे. मग तुम्ही काय वावगे बोललात?" आक्षेप रास्त आहे. पण उपदेशाला अधिकारी लागतो. भगवंतांनी ते कोणाला सांगितले? रणांगणी उभ्या असलेल्या आणि मोहाने कर्तव्य टाकून बसलेल्या क्षत्रियाला. पुत्र गेलेल्या मातेच्या अंगणात जाऊन नव्हे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की तेच विष होते, हे गावचा वैद्यही जाणतो.

आणि आपल्या संतांनी काय केले ते पाहा. सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. ज्ञानोबाराय समाधीला बसले. अहो, तिथे मरण तरी होते काय? स्वेच्छेने, पूर्णज्ञानाने, भावंडे आणि संतमेळा भोवती असताना घेतलेली ती संजीवन समाधी. शोक न करण्याचा अधिकार कुठे असेलच तर तिथे होता. तरी नामदेवरायांनी समाधीचे जे अभंग लिहिले, त्यांत सगळे रडले आहेत. धीरगंभीर निवृत्तिनाथ, जे गुरूही होते आणि थोरले बंधूही, त्यांनाही तेव्हा सावरता आले नाही. देवालाही गहिवर आल्याचे नामदेवराय सांगतात. आजही त्या दिवशी आळंदीत कीर्तन ऐकताना श्रोत्यांचे डोळे कोरडे राहत नाहीत. ज्यांच्या घरी अमृतानुभव झाला ते रडले. आणि मी एका टेम्पोवाल्याच्या आईला सांगितले की रडायचे कशाला!

मग त्या ताऱ्यापासून काही घेण्याजोगे नाहीच काय? आहे. पण किती घ्यायचे, हे ठरवले पाहिजे. आमचे गुरुजी सांगत, दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे आल्हाद घ्यावा. डाग आणि क्षय घेऊ नये. मी तारा सगळाच्या सगळा घेतला, तिथे घसरलो. आता मोजून घेऊ.

पहिली गोष्ट. त्या दक्षिण कंकणाच्या ताऱ्याचा हिशेब २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. ऑर्सोला डी मार्को या विदुषीच्या पुढाकाराने सुमारे सत्तर संशोधकांनी तो मांडला. मूळचा तारा सूर्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा होता. आज उरला आहे तो सूर्याच्या सहा दशांश. म्हणजे पाच भागांतले चार भाग त्याने देऊन टाकले. आणि दिले काय? गाभ्यात आयुष्यभर जे शिजले, त्यातले जे वर आले ते. अशाच ताऱ्यांनी अवकाशात सोडलेला कार्बन आणि नायट्रोजन पुढे नव्या ताऱ्यांच्या, नव्या ग्रहांच्या मातीत मिसळला. आपल्या देहातला, तुळशीच्या काष्ठातला, आपण कपाळी लावतो त्या बुक्क्याच्या काळेपणातला कार्बन ताऱ्यांच्याच पोटात शिजलेला आहे. त्याचा मोठा वाटा अशाच, शांतपणे विझलेल्या ताऱ्यांचा.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळा बोध त्यातच आहे. हे धन मरणाने निर्माण केलेले नाही. मरणाने ते फक्त सुटे झाले. शिजले ते जगताना, कोट्यवधी वर्षे, कोणी पाहत नसताना. ज्या ताऱ्याने आत काही शिजवलेच नाही तो शेवटी काय देणार? माणसाचेही तसेच. मरणसमयी नाम मुखी यावे ही आपणां सर्वांची इच्छा. पण ते येते कुठून? चाळीस वर्षे रोज संध्याकाळी म्हटलेल्या हरिपाठातून.

दुसरी गोष्ट. तो तेजोमेघ फार टिकत नाही. दहा-वीस हजार वर्षांत तो विरून जातो. ताऱ्याच्या आयुष्याशी हे प्रमाण मांडून पाहिले. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य हजार कोटी वर्षे धरा. तो तारा शंभर वर्षे जगलेला माणूस मानला, तर हा सगळा शोभेचा काळ त्याच्या शेवटच्या तास-दोन तासांएवढा भरतो. आपण सगळे त्या तासाचे चित्र पाहतो आणि वाहवा करतो. उरलेल्या शंभर वर्षांचे चित्र कोणी काढीत नाही. कारण तेव्हा तो हजारांतला एक साधा ठिपका असतो. माणसांच्या बाबतीतही आपण असेच करतो. अंत्ययात्रेला किती लोक होते हे सांगतो. रोज पहाटे उठून त्याने कुणाच्या दाराशी दूध पोचवले, हे सांगत नाही.

तिसरी गोष्ट. चित्रात मध्यभागी दोन ठिपके आहेत, असे मी वर म्हटले. त्यांतला जो जास्त चमकतो तो दाता नव्हे. तो अजून तरणा आहे. ज्याने सारे दिले तो शेजारचा मंद, धुळीत गुरफटलेला ठिपका. पाहणाराची नजर पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी जाते. माझीही गेली होती.

आता काय घ्यायचे नाही तेही सांगतो. ताऱ्याला इच्छा नाही, म्हणून त्याच्या देण्याला पुण्य नाही. झरा वाहतो, तारा विझतो; तो त्यांचा धर्म. न देण्याची मोकळीक ज्याला आहे त्यानेच दिले तर त्याला दान म्हणायचे. ती मोकळीक फक्त माणसाला आहे, आणि तिथेच त्याची थोरवी व तिथेच त्याची जबाबदारी. ताऱ्याला वेदना नाही, म्हणून त्याचे मरण शांत. दवाखान्यात श्वासासाठी तडफडणाऱ्या देहाला त्याचा दाखला देणे हे क्रौर्य आहे. आणि चौतीस वर्षांच्या मुलाचे मरण म्हणजे सरपण संपून विझणे नव्हे. पेटती चूल कोणी लाथेने विस्कटावी तसे ते असते. त्याला सुंदर हा शब्द लावता येत नाही. तसे ते का होते याला माझ्यापाशी उत्तर नाही. प्रारब्ध हा शब्द मला येतो. पण तो दुसऱ्याच्या दुःखावर झाकण म्हणून वापरायचा नसतो.

त्या मुलीने हबल दुर्बिणीची एक गोष्ट सांगितली होती. १९९० साली ती वर गेली आणि चित्रे धूसर यायला लागली. शोध घेतला तर तिचा मोठा आरसा कडेला घासताना केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी चूक झाली होती. तेवढ्याने सगळे बिघडले. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये माणसे यानातून वर गेली आणि दुरुस्तीची भिंगे-आरसे बसवून आली. मी मनाशी म्हटले, एवढ्याशा चुकीसाठी माणसे अंतराळात जातात, आणि मला चाळीस मैल एसटीने जायला काय झाले?

ज्येष्ठात, पालख्या निघण्याच्या आधी, मी त्या गावी गेलो. बाई अंगणात शेंगा फोडीत बसली होती. मी म्हटले, "माउली, त्या रात्री मी चुकलो. तुमच्यापुढे मी तसं बोलायला नको होतं." ती काही बोलली नाही. बसायला पोते टाकले, पाणी दिले. मीही शेंगा फोडू लागलो. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ते चित्र हाय का? त्या रातीला डोळं भरल्यालं, दिसलंच न्हाई."

यजमानांचा मुलगा बरोबर होता, त्याच्या मोबाइलवर दाखवले. तिने हात पदराला पुसून मोबाइल घेतला. पुष्कळ वेळ पाहिले. मग जे विचारले ते माझ्या साऱ्या पाठशाळेत मला कोणी विचारले नव्हते. म्हणाली, "ह्याच्याजवळ कोण होतं?"

मी गप्प झालो. मग मुलीने शिकवलेले आठवले. म्हटले, "आहे माउली. हा मंद दिसतो ना, तो गेलेला. हा शेजारचा त्याचा सोबती. तो अजून जवळच आहे. आणि न दिसणारे आणखी एक-दोन सोबतीही जवळ असावेत, असं जाणते लोक म्हणतात. हा भोवतीचा आकार आलाय ना, तो त्या सोबतीमुळं आला असावा."

"बरं झालं," ती म्हणाली.

मग आपण होऊन सांगू लागली. "माझ्या लेकाजवळ एक सिस्टर होती म्हणत्यात. तिनंच फोन केला मागनं. म्हणली, आई, त्यानं पाणी मागितलं, मी पाजलं, हात धरून बसले हुते. तिचं नाव इचारायचं सुदरलं न्हाई मला. रोज हरिपाठ झाला की एक नमस्कार तिच्या नावाचा घालते. नाव ठाऊक न्हाई, पर घालते."

संतसज्जनहो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या अंगणात मिळाले. त्या मुलाचे मरण सुंदर नव्हते. आई म्हणाली तेच खरे. पण त्या मरणाजवळ एक ओंजळ पाणी होते. नात्याची ना गोत्याची, नाव नसलेली एक बाई, स्वतःच्या जिवाला धोका असताना त्याचा हात धरून बसली, आणि नंतर त्याच्या आईला कळवायला विसरली नाही. सुंदर हा शब्द वापरायचाच असेल तर तो तिथे वापरावा. त्या पाजण्याला न देण्याची पूर्ण मोकळीक होती, आणि तरी ते झाले. आकाशातल्या कोणत्याही तेजोमेघाला हे साधणार नाही.

म्हणून तात्पर्य एवढेच. दुखवट्याला जाल तेव्हा तत्त्वज्ञान बाहेर चपलांपाशी ठेवा. मरण सुंदर आहे असे कोणाला सांगू नका. त्याच्या शेजारी बसा, शेंगा फोडा, तो बोलेल ते ऐका. आपल्या पंथात एकट्याने चालायचे नसते, दिंडीने चालायचे असते. कोणी थकला तर त्याचे गाठोडे घ्यायचे, कोणी पडला तर त्याच्याजवळ थांबायचे. मग शेवटचा मुक्काम तरी कोणाला एकट्याने का करू द्यावा? आणि स्वतःपुरते म्हणाल तर आज, जगताना, कोणी पाहत नसताना, आत काही शिजत ठेवा. देण्याची वेळ आपल्या हाती नाही, पण तेव्हा जे सुटे होईल ते काय असावे, हे रोजच्या दिवसात ठरत असते.

त्या बाईने निघताना मला एक पसा शेंगा बांधून दिल्या. आषाढीला त्या मी वाटेत वाटल्या. तिचा नमस्कार मी आता माझ्या कीर्तनात घातला आहे. हेच दान देगा म्हणायच्या आधी क्षणभर थांबतो आणि श्रोत्यांना सांगतो, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही पण ज्याने आपल्या माणसाला पाणी पाजले, त्याच्यासाठी एकदा हात जोडा. टाळ्या पडत नाहीत. मंडप शांत होतो, आणि मला तेच पुरेसे वाटते.

रामकृष्ण हरि.